मुलींचा गट की खुला गट? बुद्धिबळातल्या स्त्री-पुरुष अंतराविषयी

सातव्या_घरातले_प्यादे (सोमवार, रात्री १०.१२)

नमस्कार. काल आमच्या जिल्ह्यातील अकरा वर्षांखालील खुल्या स्पर्धेत माझ्या मुलीने आठ फेऱ्यांत पाच गुण मिळवले आणि ती एकूण चौदावी आली. बक्षीस समारंभात साडेसहा गुण मिळवून चौथ्या आलेल्या मुलाला वीतभर स्मृतिचिन्ह मिळाले आणि आमच्या कन्येला 'सर्वोत्कृष्ट मुलगी' म्हणून तिच्या कमरेपर्यंत येईल एवढा करंडक मिळाला. घरी येताना स्कूटरवर मागे बसून, तो करंडक आम्हा दोघींच्या मध्ये धरून तिने विचारले, "आई, त्या मुलाशी मी हरले होते ना, मग माझे बक्षीस मोठे कसे?" मुलींसाठी वेगळे बक्षीस असते, असे मी सांगितले. पुढच्या सिग्नलला तिने "का असते?" असे विचारले आणि तेव्हापासून मी उत्तर शोधते आहे.

पुढच्या महिन्यात जिल्हा निवड चाचणी आहे. मुलींच्या गटात पंधरा-वीस जणी असतात, त्यामुळे तेथून राज्य स्पर्धेसाठी निवड होण्याची शक्यता बरी आहे. खुल्या गटात शंभराहून अधिक मुले असतात आणि तेथे तिचा निभाव लागणे अवघड आहे. प्रशिक्षक मुलींचा गट घ्या म्हणतात. धावण्यात आणि पोहण्यात वेगळे गट का असतात हे मला समजते, परंतु पटासमोर बसून विचार करण्याच्या खेळात ते का असावेत? मुलींच्या बुद्धीत खरोखर काही उणे असते का, याविषयी ज्यांनी वाचले आहे किंवा जे स्वतः खेळले आहेत त्यांनी लिहावे. धीर देणारी उत्तरे नकोत, ती नातेवाइकांकडून भरपूर मिळाली आहेत.

काळा_घोडा (सोमवार, रात्री १०.४०)

मुलींचा गट घ्यावा. राज्य स्पर्धेला गेलेल्या खेळाडूला चांगले प्रतिस्पर्धी मिळतात. करंडकासाठी शोकेस लहान पडत असेल तर त्याकरिता वेगळा धागा काढावा.

मुळशीचा_उंट (सोमवार, रात्री ११.२५)

धीर देणारी उत्तरे नकोत असे आपणच म्हटले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासांत आज एकही स्त्री नाही. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवलेले सुमारे दोन हजार खेळाडू असतील, त्यांत स्त्रियांची संख्या चाळिशीच्या आसपास आहे. पटाला समोर कोण बसले आहे हे कळत नाही, घड्याळ दोघांना सारखेच असते आणि पंच कोणाला चाल परत देत नाहीत. एवढा निःपक्षपाती खेळ शोधून सापडणार नाही आणि त्यात एवढा फरक दिसत असेल तर त्याचे मूळ कोठेतरी निसर्गात आहे, असे मानण्यात अपमान कसला? सरासरी सारखी असूनही टोकाला पुरुष अधिक असू शकतात, उंचीच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ७.५०)

मुळशीचे उंट, आपले आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. आंब्याचे उदाहरण घेतो. बाग एकच, हापूस एकच. एका बाजूला एक पेटी आहे आणि दुसऱ्या बाजूला तशाच सोळा पेट्या आहेत. दोन्हीकडचा सर्वांत मोठा आंबा काढून तराजूत घातला तर सतरापैकी सोळा वेळा सोळा पेट्यांकडचे पारडे जड होईल. त्यावरून पहिल्या पेटीच्या झाडाला खत कमी पडले असे कोणी म्हणणार नाही.

सोळा हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जर्मन बुद्धिबळ महासंघाच्या मानांकन (म्हणजे निकालांवरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा) यादीवर काम केले, तेव्हा तेथे सोळा पुरुषांमागे एक स्त्री असे प्रमाण होते. त्यांनी पहिल्या क्रमांकाचा पुरुष आणि पहिल्या क्रमांकाची स्त्री, दुसरा आणि दुसरी, अशा शंभर जोड्या लावल्या आणि केवळ संख्येतल्या फरकामुळे प्रत्येक जोडीत किती अंतर अपेक्षित आहे ते काढले. प्रत्यक्षातील अंतरापैकी ९६ टक्के अंतर एवढ्यानेच समजावता आले. आपण शिखरे मोजत आहात. पायथ्याशी किती जण जमले होते हे आधी मोजायला हवे.

मुळशीचा_उंट (मंगळवार, सकाळी ९.०५)

तो लेख मला माहीत आहे. त्यातील गणिती प्रतिमान वास्तव मानांकनांना नीट बसत नाही आणि संख्येच्या पदरात इतके श्रेय टाकता येणार नाही, असा आक्षेप पुढच्याच वर्षी घेण्यात आला होता; संख्येमुळे बराच भाग समजतो, सगळा नाही, असे ते म्हणणे होते. त्याहून मोठी अडचण तर्काची आहे. पेटीत आंबे कमी का आले, हे आपण सांगितलेच नाही. ज्यांना खेळ जमत नाही ते सोडून जातात, म्हणूनही पेटी लहान राहू शकते.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ९.४०)

तर्काची अडचण मान्य आहे, परंतु तीही तपासून पाहिलेली आहे. ख्रिस्तोफर शॅब्री आणि मार्क ग्लिकमन यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील अडीच लाखांहून अधिक स्पर्धात्मक खेळाडूंच्या तेरा वर्षांच्या नोंदी पाहिल्या. सारख्याच ताकदीच्या मुला-मुलींची तुलना केली तेव्हा मुली अधिक प्रमाणात खेळ सोडतात असे काही दिसले नाही. पहिल्यांदा मानांकन मिळते तेव्हाच मुली सरासरीने मागे होत्या, हे मात्र खरे आहे आणि ते मी लपवत नाही. पण ज्या पिनकोडमधून नव्याने येणाऱ्या मुलांमध्ये निम्म्या किंवा अधिक मुली होत्या, तेथे हे सुरुवातीचे अंतरही दिसले नाही. मेंदू पिनकोड बघून बदलत नाही.

काळा_घोडा (मंगळवार, सकाळी ९.४४)

पुण्यात बदलतो. पेठेप्रमाणे.

कृष्णाकाठचा_पट (मंगळवार, दुपारी १.३०)

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे, म्हणून थोडे जुने लिहितो. राष्ट्रीय महिला स्पर्धा आपल्याकडे १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद वासंती खाडिलकर यांनी मिळवले. पुढची अनेक वर्षे हा किताब मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घरातून बाहेर गेलाच नाही असे म्हटले तरी चालेल. रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरल्या. त्यावरून केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत आणि जागतिक संघटनेपर्यंत गेले. तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना कोणत्याही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून लिंगाच्या कारणावरून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. याच यूवे यांना त्यांच्या खेळाच्या काळात पहिल्या महिला जगज्जेत्या वेरा मेंचिक यांनी पटावर हरवले होते, त्यामुळे ते काय बोलत आहेत हे त्यांना ठाऊक होते, असे आम्ही सांगलीत हसून म्हणत असू.

पुढे आमच्याकडच्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाचे वातावरण तयार केले नसते तर किती मुली पटावर बसल्या असत्या, याचा विचार करावा. आमच्या वाड्यात माझी बहीण माझ्याहून चांगली खेळत असे. पाहुणे आले की डाव अर्धा ठेवून तिला चहाला उठावे लागे आणि ती परत येईपर्यंत मी माझी पुढची चाल नीट विचार करून ठेवलेली असे. मी त्या काळी स्वतःला तिच्या बरोबरीचा समजत होतो.

अडीच_घरे (मंगळवार, दुपारी २.१०)

पट निःपक्षपाती आहे असे वर कोणी म्हटले आहे. निदान मराठी पटावर तरी राजाच्या शेजारी राणी नसून वजीर आहे, म्हणजे संपूर्ण राज्यात बाईमाणूस एकही नाही. सर्वांत ताकदवान सोंगटी युरोपात गेली आणि बाई झाली, आपल्याकडे ती अजून पागोटे घालून उभी आहे.

तास_संपला (मंगळवार, सायंकाळी ६.२०)

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. बुद्धीत उणे आहे का, हा जो मूळ प्रश्न आहे, त्यावर आतापर्यंत कोणी थेट लिहिलेले नाही. त्यासाठी आधी बुद्धिबळातील प्रावीण्य हे नेमके कशाचे बनलेले असते ते पाहावे लागेल.

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी १९४०च्या दशकात नामांकित खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावले, तेव्हा ते साध्या चांगल्या खेळाडूंपेक्षा फार खोलवर मोजतात असे आढळले नाही. त्यांना योग्य चाल आधीच दिसत होती. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने ती बहुतांश बरोबर मांडली, नवशिक्याला मोजक्या सोंगट्या जमल्या. त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या तेव्हा निष्णाताची आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. किल्लेकोट केलेला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी हा त्याच्या दृष्टीने एकच घास होता, जसा आपल्याला 'महाराष्ट्र' हा शब्द अक्षरे न मोजता वाचता येतो. असे हजारो घास डोक्यात साठायला वर्षे लागतात.

आता बुद्धीकडे वळते. मनातल्या मनात आकृती फिरवून पाहण्याच्या चाचण्यांत पुरुषांची सरासरी अधिक येते, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलेले आहे आणि मुळशीचे उंट यांच्या बाजूचा हा सर्वांत बळकट पुरावा ठरला असता. परंतु ही क्षमता बुद्धिबळाला फारशी लागतच नाही असे दिसते. २००२ मध्ये ३६ खेळाडूंची दृश्य स्मरणशक्ती तपासली गेली, तेव्हा तिचा त्यांच्या ताकदीशी संबंध आढळला नाही. २०१६ मध्ये अलेक्झांडर बर्गोइन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बुद्धिमापन आणि बुद्धिबळ यांचा संबंध आढळला, परंतु तो माफक होता. लहान वयात आणि कच्च्या खेळाडूंत अधिक, मुरलेल्या खेळाडूंत कमी. बिलालिच यांनीच २००७ मध्ये ५७ शाळकरी मुलांचा अभ्यास केला होता. त्यांपैकी सर्वांत चांगल्या २३ मुलांच्या गटात तर अधिक बुद्ध्यांकाची मुले थोडी मागेच होती, कारण ती सराव कमी करत होती. वर्गात हे मी दरवर्षी पाहते, तेव्हा त्याचे मला आश्चर्य वाटले नाही.

मुळशीचा_उंट (मंगळवार, सायंकाळी ७.००)

ताई, उत्तर आवडले. मात्र सराव हेच सर्व काही असेल तर सारखा सराव करणारे सगळे सारखे व्हायला हवेत आणि तसे होत नाही.

तास_संपला (मंगळवार, सायंकाळी ७.३५)

होत नाही, हे खरे आहे. फर्नांड गोबे आणि गियेर्मो काम्पितेल्ली यांनी अर्जेंटिनातील खेळाडूंना सरावाचे तास विचारले, तेव्हा मास्टर पातळीला पोहोचायला एकाला सुमारे तीन हजार तास लागले होते, तर दुसऱ्याला तेवीस हजारांहून अधिक. म्हणजे व्यक्ती-व्यक्तीत मोठा फरक असतो आणि सरावापलीकडे काहीतरी निश्चित आहे. ते काहीतरी मुलगा किंवा मुलगी असण्याला बांधलेले आहे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

हंगेरी_नव्हे_हिंगोली (मंगळवार, रात्री ९.१५)

पोल्गार भगिनींचे नाव अजून कसे आले नाही? लास्लो पोल्गार यांनी अलौकिक बुद्धीची मुले घडवता येतात हे दाखवण्यासाठी बुडापेस्टमध्ये तिन्ही मुलींना शाळेऐवजी घरीच शिकवले. थोरल्या सुसान १९९१ मध्ये नॉर्म (किताबासाठी स्पर्धांत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) पूर्ण करून ग्रँडमास्टर होणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मधल्या सोफिया १९८९ मध्ये रोममधील स्पर्धेत नऊपैकी साडेआठ गुण मिळवून अनेक ग्रँडमास्टरांच्या पुढे राहिल्या. धाकट्या ज्युडिट यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन बॉबी फिशर यांचा विक्रम मोडला, २००५ मध्ये त्यांचे मानांकन २७३५ होते आणि त्या जगात आठव्या होत्या. स्त्रियांच्या खेळाविषयी हलके बोलणाऱ्या कास्पारोव्ह यांना त्यांनी २००२ मध्ये मॉस्कोत जलद डावात हरवले. त्या महिलांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी कधी खेळल्याच नाहीत.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९८७च्या जानेवारीतील मानांकन यादीसाठी जागतिक संघटनेने सर्व सक्रिय महिला खेळाडूंना सरसकट शंभर गुण वाढवून दिले, फक्त सुसान यांना वगळून. त्या पुरुषांविरुद्ध खेळून गुण मिळवतात, म्हणून त्यांचे मानांकन आधीच योग्य आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. परिणामी यादीतले त्यांचे पहिले स्थान गेले. निःपक्षपाती पटाच्या बाहेर एक कार्यालयही असते.

मुळशीचा_उंट (मंगळवार, रात्री ९.५०)

पोल्गार तिघी असल्या तरी त्यांचे आईवडील एकच. आपण एक घर दाखवलेत, मी दुसरे दाखवतो. चेन्नईची वैशाली आणि तिचा धाकटा भाऊ प्रज्ञानंद यांचे घर एक, गुरू एक आणि खेळायला सुरुवात बहिणीने आधी केली. भाऊ २०१८ मध्ये ग्रँडमास्टर झाला, बहिणीला २०२३ उजाडावे लागले.

आकडेमोड (मंगळवार, रात्री १०.०५)

एका घरावरून दुसऱ्या घराला उत्तर देत बसलो तर आपण दोघे मिळून जनगणना करू. दोन्ही उदाहरणे सुंदर आहेत आणि दोन्हींवरून काहीही सिद्ध होत नाही.

रविवारची_फेरी (बुधवार, सकाळी ६.४५)

मी गेली एकोणीस वर्षे शिकवतो आणि स्पर्धांत पंच म्हणूनही काम करतो. जर्मनी आणि अमेरिका यांच्याविषयी मी बोलणार नाही. सभागृहात जे दिसते ते सांगतो.

आठ वर्षांखालील गटात माझ्याकडे मुली पुष्कळ येतात. त्यांची नोंद-वही मुलांपेक्षा स्वच्छ असते, हरल्यावर त्या डाव पुन्हा मांडून बघायला तयार असतात. तेरा ते पंधराच्या दरम्यान त्या दिसेनाशा होतात. वर अमेरिकेतील नोंदींत मुली अधिक सोडून जात नाहीत असे लिहिले आहे. माझ्या वर्गात जातात. कारण विचारले तर दहावी सांगितले जाते. दहावी तर मुलांनाही असते. परगावी पाच दिवसांची स्पर्धा असेल तर मुलाला दुसऱ्या मुलाच्या वडिलांबरोबर पाठवून देतात. मुलीबरोबर आईच लागते, तिची रजा लागते, वेगळी खोली लागते, म्हणजे तीच स्पर्धा मुलीच्या घराला दुप्पट महाग पडते. घरात दोन मुले असतील आणि पैसे एकाचेच असतील, तर ते कोणावर खर्च होतात हे मी लिहायला नको.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. दहा वर्षांचा मुलगा सहाव्या फेरीत एका मुलीशी हरून बाहेर आला. तो तसा शांत होता, उंट अडकला असे मला सांगतही होता. दारात वडील उभे होते. त्यांनी निकालाचा कागद पाहिला आणि "मुलीकडून हरलास?" एवढेच म्हटले. त्यानंतर तो रडायला लागला. ती मुलगी तीन पावलांवर बुटाची नाडी बांधत होती आणि तिने ते ऐकले. पुढची फेरी ती वीस चालींत हरली. तिचा तो डाव माझ्याजवळ आहे, त्यात ती साधा काटा (एकाच सोंगटीने दोन सोंगट्यांवर हल्ला) चुकली आहे, जो ती एरवी झोपेत लावते.

तास_संपला (बुधवार, सकाळी ८.३०)

रविवारची फेरी, आपण लिहिलेल्या दोन्ही गोष्टींवर अभ्यास झालेले आहेत. इटलीत २००८ मध्ये अ‍ॅन मास आणि सहकाऱ्यांनी ताकदीने बरोबरीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या इंटरनेटवर खेळवल्या. समोर स्त्री आहे असे सांगितले तेव्हा स्त्रिया पुरुषांच्या तोडीस तोड खेळल्या. समोर पुरुष आहे हे कळले आणि पुरुष या खेळात वरचढ असतात याची आठवण करून दिली, तेव्हा त्यांचा खेळ जवळपास निम्म्याने घसरला. परंतु प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. २०१८ मध्ये टॉम स्टॅफर्ड यांनी लाखो मानांकित डाव तपासले आणि पुरुषांविरुद्ध स्त्रिया अपेक्षेपेक्षा किंचित चांगल्याच खेळतात असे मांडले. त्यावर डेव्हिड स्मर्डन आणि इतरांनी तेच आकडे वेगळ्या रीतीने मोजून उलटा निष्कर्ष काढला. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी एकच अभ्यास वाचून टाळ्या वाजवल्या की मी त्यांना दुसरा वाचायला देते.

पालकांविषयी मात्र अलीकडचा एक अभ्यास फारच बोचरा आहे. अमेरिकेत मुलांच्या पालकांना आणि मार्गदर्शकांना विचारले की हे मूल अधिकाधिक कोणत्या मानांकनापर्यंत पोहोचू शकेल. मुलींसाठी सांगितलेला आकडा मुलांपेक्षा कमी होता आणि बुद्धिबळाला उपजत तेज लागते असे मानणाऱ्यांनी तो आणखी कमी सांगितला. हे त्यांचे शत्रू नव्हते. फी भरणारे आणि गाडीने सोडायला येणारे लोक होते.

नेकारकाठी (बुधवार, दुपारी ४.००)

मी दहा वर्षे जर्मनीत राहते आणि येथील गावच्या क्लबातून साखळी सामने खेळते. आकडेमोड यांनी सांगितलेली सोळा पेट्यांशेजारची एकुलती पेटी म्हणजे मीच. आमच्या संघात आठ पट असतात, मी सहाव्या पटावर बसते आणि दुसऱ्या गावी सामन्याला गेलो की यजमान मला हमखास विचारतात की आपण कोणाबरोबर आला आहात. एकदा मी "घोड्याबरोबर" असे उत्तर दिले, ते कोणालाच कळले नाही. लोक वाईट वागतात असे अजिबात नाही, कॉफी आणि केक आग्रहाने देतात. मात्र हरले तर 'स्त्रिया' हरतात आणि जिंकले तर समोरच्याचे डोके दुखत असते.

वऱ्हाडी_प्यादे (बुधवार, रात्री ८.२०)

आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव घेतल्याशिवाय हा धागा वर जाऊ देणार नाही. २०२५च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन भारतीय समोरासमोर होत्या, १९ वर्षांची दिव्या आणि तिच्या दुप्पट वयाची कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेचे, डाव बरोबरीत सुटले आणि दिव्याने जलद डावांत बाजी मारली. त्या विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर आणि हा किताब मिळवणारी चौथी भारतीय स्त्री झाली. त्याआधी २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये आपल्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले, तेव्हा तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्णही तिचेच होते आणि महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते.

आणि तरीही २०२४च्या जानेवारीत विक आन झी येथील स्पर्धेनंतर तिला जाहीरपणे लिहावे लागले की प्रेक्षक तिच्या चालींऐवजी तिचे कपडे, केस आणि उच्चार यांकडे बघतात. ती तेव्हा अठरा वर्षांची होती.

मुळशीचा_उंट (बुधवार, रात्री ९.००)

दिव्याचा मलाही अभिमान आहे. परंतु नॉर्म न करता विश्वचषकामुळे थेट किताब मिळाला, हेही लिहावे. गोव्यात त्याच वर्षी झालेल्या खुल्या विश्वचषकात ती वाइल्ड कार्डावर खेळली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

मांडवीपार (बुधवार, रात्री ९.४०)

गोव्यात पहिल्या फेरीत बाहेर पडलेले पुरुषही पुष्कळ होते, त्यांच्या मेंदूविषयी कोणी धागा काढला नाही. विश्वचषकाचा नियम दिव्याने लिहिलेला नाही, तिने तो फक्त जिंकला. आमच्या गोव्याच्या भक्ती कुलकर्णी यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही असेच कोणीतरी 'महिला गटात ना?' असे विचारले होते.

अडीच_घरे (बुधवार, रात्री १०.३०)

आता मूळ प्रश्नाकडे वळावे असे सुचवतो. वेगळा गट वाईट की चांगला? महिला ग्रँडमास्टर या किताबाला २३०० मानांकन लागते आणि ग्रँडमास्टरला २५००. दोनशे गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू चारपैकी तीन गुण घेणार, एवढी ती दरी आहे. किताबाचे नावच सांगते की बाई, तुझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे. दुसरीकडे, महिला स्पर्धांतील बक्षिसांशिवाय किती जणींना पूर्णवेळ खेळणे परवडले असते? हौ यिफान यांच्यासारखी, २६८६पर्यंत गेलेली खेळाडू २०१७ मध्ये जिब्राल्टरच्या खुल्या स्पर्धेत जोड्यांमध्ये पुन्हा पुन्हा स्त्रियाच समोर आल्या म्हणून शेवटचा डाव पाच चालींत मुद्दाम सोडून देते. तिला वेगळा गट नको होता. ती तेथवर पोहोचली ती मात्र महिला जगज्जेतेपदाच्या शिडीवरून.

रविवारची_फेरी (गुरुवार, सकाळी ६.३०)

माझे मत सांगतो. निवड मुलींच्या गटातून घ्यावी, कारण राज्य स्पर्धेचा अनुभव फुकट दवडू नये. वर्षभरातल्या बाकीच्या रविवारच्या स्पर्धा मात्र खुल्या गटात खेळाव्यात आणि नोंदणी करतानाच आयोजकांना सांगावे की तिला फक्त तिच्या क्रमांकाचे बक्षीस द्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने असे सांगितले होते. आयोजक गोंधळले, मुलगी नवव्या क्रमांकाचे पदक घेऊन दोन महिने शाळेच्या दप्तरात फिरली.

मुळशीचा_उंट (गुरुवार, सकाळी ८.१५)

यावर माझा आक्षेप नाही. माझे मत पूर्ण बदललेले नाही, पण 'मूळ निसर्गात आहे' हे मी ज्या खात्रीने लिहिले ती खात्री आता नाही. पेटी लहान का, याचे उत्तर मला हवे आहे आणि ते मेंदू तपासून मिळण्याआधी कदाचित त्या वडिलांच्या दारातच मिळेल.

सातव्या_घरातले_प्यादे (रविवार, रात्री ९.२०)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आज पुन्हा स्पर्धा होती.

मी कन्येला आंब्याच्या पेट्यांचे उदाहरण सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि मग विचारले, "मग आमच्या पेटीत आंबे कमी का?" मुळशीचे उंट यांचाच प्रश्न होता, फक्त तिने तो जिन्यात बसून, चप्पल घालता घालता विचारला. मला चहाला उठवलेल्या त्या सांगलीच्या बहिणीची गोष्ट आठवली, ती सांगितली. त्यावर ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला घरी आणले आणि पट मांडला. त्या मैत्रिणीला घोडा अजून जमत नाही, ती तो दोन घरे सरळ नेऊन तेथेच ठेवते आणि कन्या दर वेळी "अर्धे राहिले" असे म्हणते.

निवडीसाठी मुलींच्या गटात नाव दिले आहे. आजची स्पर्धा खुल्या गटात खेळली, साडेचार गुण झाले, एकोणिसावी आली. आयोजकांना आधीच सांगितले होते, तरीही त्यांनी करंडकासाठी नाव पुकारले. ती उठून गेली आणि मंचावर त्या काकांशी काहीतरी बोलली. नंतर विचारले तेव्हा म्हणाली, "तेरावीला द्या म्हटले, ती पण मुलगीच आहे आणि माझ्या पुढे आहे." ती मुलगी तेरावी आली हे आयोजकांनी पाहिलेलेच नव्हते.

काळा_घोडा (रविवार, रात्री ९.३१)

शोकेसचा प्रश्न सुटला म्हणायचा.

रविवारची_फेरी (रविवार, रात्री ९.५०)

निवड चाचणीला जाताना जन्मदाखल्याची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स न्याव्यात. दर वर्षी निम्मे पालक पहिल्या फेरीच्या वेळी त्यासाठी घरी धावतात. आणि त्या मैत्रिणीला पुढच्या शनिवारी वर्गात पाठवा, घोडा मी शिकवतो.